आमगावचा खडक आणि बोअरवेलचे पाणी

माणसाच्या आणि पृथ्वीच्या भूतकाळाविषयी गेल्या काही वर्षांत एकामागून एक बातम्या येत आहेत. चीनमधील हार्बिन येथे १९३३ मध्ये सापडून पुढे कित्येक दशके लपवून ठेवलेली कवटी डेनिसोव्हन मानवाची असल्याचे २०२५ मध्ये तिच्यातील प्रथिने आणि डीएनएवरून स्पष्ट झाले. त्याच वर्षी, बेन्नू या लघुग्रहावरून आणलेल्या मातीत सजीवांच्या प्रथिनांतील २० पैकी १४ अमिनो आम्ले मिळाली. मोरोक्कोतील जेबेल इरहूदच्या अवशेषांनी आपल्या जातीचे वय ३ लाख वर्षांपर्यंत मागे नेले, तेही २०१७ मधले. ‘इतिहास बदलला’ अशा मथळ्याखाली हे सारे वाचले जाते आणि दुसऱ्या दिवशी विसरलेही जाते. कारण सरळ आहे. मोरोक्को, चीन, लघुग्रह यांतले काहीच आपल्या अंगणातले नसते.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावकरांना मात्र ही सबब सांगता येणार नाही. मुंबई-हावडा मार्गावरच्या या गावाचे नाव भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘आमगाव नाइस’ म्हणून नोंदलेले आहे. नाइस म्हणजे शास्त्रीय मराठीतला पट्टिताश्म. जमिनीच्या खूप खोल, उष्णता आणि दाबाखाली जुना खडक पिळून निघतो, त्यातली खनिजे वेगळी होतात आणि पांढरे-काळे पट्टे तयार होतात. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भाग काळ्या बेसॉल्टने झाकलेला आहे. तो लाव्हा साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा. पूर्व विदर्भात हे पांघरूण संपते आणि त्याखालची जुनी जमीन उघडी पडते. आमगावचा खडक ज्या बस्तर क्रेटॉन नावाच्या प्राचीन भूखंडाचा भाग आहे, त्यातील काही नाइसचे वय साडेतीनशे कोटी वर्षांच्या आसपास निघाले आहे. आमगावच्या खडकाला अभ्यासक सहसा अडीचशे कोटी वर्षांपलीकडच्या आर्कियन काळात ठेवतात.

हे वय काढतात ते झिर्कॉन नावाच्या बारीक स्फटिकावरून. स्फटिक बनताना तो थोडे युरेनियम आत घेतो, शिसे मात्र जवळपास घेतच नाही. पुढे युरेनियमचे हळूहळू शिसे होते. युरेनियम-२३८ चा निम्मा साठा संपायला ४४७ कोटी वर्षे लागतात. म्हणजे आज आत सापडणारे शिसे किती, यावरून घड्याळ वाचता येते. अडीचशे कोटी वर्षांचे एक वर्ष मानले, तर सह्याद्रीचा लाव्हा शेवटच्या दहा दिवसांत वाहिला आणि आपली मानवजात ३१ डिसेंबरच्या शेवटच्या तासाभरात आली.

एवढे जुने असणे ही केवळ मिरवण्याची गोष्ट असती, तर आरोग्याच्या या सदरात तिचे काम नव्हते. पण या खडकाचा आणि घरातल्या माठाचा थेट संबंध आहे. नाइस हा घट्ट खडक. वाळूसारखी छिद्रे त्याला नसतात. पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि खालच्या भेगांत, तेही बेताचेच. जुन्या लोकांना झिर्कॉन ठाऊक नव्हता, पण जमिनीचा हा स्वभाव ठाऊक होता. म्हणून तर कोहळी समाजाने नवेगाव बांधसारखे तलाव बांधले, गावोगावी बोड्या आणि मालगुजारी तलाव झाले आणि त्यांच्यावर धान पिकला. जमिनीत मुरवता येत नाही ते पाणी वर अडवा, हा हिशेब होता. तलाव गाळाने भरत गेले आणि तहान बोअरवेलकडे वळली.

खोल भेगांतले पाणी खडकाच्या सहवासात फार काळ राहते. अशा खडकांतील काळा अभ्रक, अपेटाइट यांसारख्या खनिजांतून फ्लोराइड त्यात उतरू शकते. प्रत्येक बोअरचे पाणी वाईट असते असे मुळीच नाही. एका बोअरचे चांगले आणि शंभर पावलांवरच्या दुसऱ्याचे वाईट, असेही होते. पण चव, रंग, वास यांवरून ते ओळखता येत नाही. भारतीय मानकानुसार एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक. दुसरा स्रोतच नसेल तर कमाल मर्यादा दीड मिलिग्रॅम. त्याहून जास्त पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर लहान मुलांच्या येणाऱ्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग पडतात आणि पुढे हाडे, सांधे, पाठ आखडू लागतात. आखडलेली पाठ पूर्ववत होत नाही. पाणी उकळूनही उपयोग नाही. वाफ जाते, फ्लोराइड मागे उरते आणि उलट दाट होते.

यावरचा पहिला उपाय स्वस्त आहे: पिण्याच्या प्रत्येक बोअरची तपासणी आणि तिचा आकडा ग्रामपंचायतीच्या फलकावर. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे, गावपातळीवर तपासणी संचही आहेत. पेटीत पडून राहिलेला अहवाल मात्र कोणाच्याच दातांच्या कामाचा नाही. मालगुजारी तलावांचा गाळ काढणे हा दुसरा उपाय, आणि तो केवळ सिंचन खात्याचा विषय मानणे चूक आहे. वरच्या थरात मुरलेले ताजे पाणी खालच्या जुन्या पाण्यात मिसळले, तर फ्लोराइडचे प्रमाण उतरते.

राहिला प्रश्न खुद्द खडकाचा. रस्ते आणि स्लॅबसाठी गिट्टी हवी, ती खडक फोडूनच मिळणार. पण ज्या खडकाला गावाने नाव दिले, त्याचा एखादा चांगला उघडा भाग राखून ठेवायला काय अडचण आहे? लोणारचे सरोवर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकांत आहे, आमगाव नाही. भूवारसा जपण्यासाठी खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. त्याची वाट न पाहता तालुक्यातल्या शाळांनी पट्ट्यांचा एक दगड वर्गात आणून ठेवावा, आणि शेजारी शाळेच्या बोअरच्या पाण्याचा ताजा अहवाल.