सुरुंग काढणारा कोळी

नागपट्टिणजवळच्या एका गावात आमच्या रेल्वे कामगार साथीचे घर आहे. कावेरीच्या मुखाकडचा हा मुलूख. १९९१ पर्यंत तंजावर जिल्ह्यातच होता. घरात वडिलांचा फोटो आहे, डोक्यावर आरमारी टोपी. हा माणूस कट्टुमरमवर, म्हणजे ओंडके बांधून केलेल्या तराफ्यावर, मासेमारी करी. दुसऱ्या महायुद्धात तो रॉयल इंडियन नेव्हीत गेला आणि सुरुंग काढणाऱ्या बोटीवर चढला. युद्ध संपले, सुटी मिळाली. पेन्शन नाही. साथीने सुटीचा विरलेला कागद आमच्यापुढे ठेवला. कचेरीत तो दाखवला तेव्हा "हे फार जुने आहे" एवढेच उत्तर मिळाले होते.

कोकणी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. युद्धापूर्वी आरमाराचे खलाशी मुख्यतः रत्नागिरीच्या किनाऱ्यावरून व पंजाबातून घेत. १९३९ साली दोन हजारांच्या आसपास असलेले हे दल युद्ध संपेतो वीस हजारांवर गेले. मद्रास इलाख्यातूनही पोरे भरली.

काम काय होते ते सांगितले पाहिजे. बोटीमागे लांब तारेचा दोर सोडायचा, तो पाण्यात ठराविक खोलीवर पसरता ठेवायचा. दोराला कातऱ्या. तळाला बांधलेल्या सुरुंगाची तार कापली गेली की तो वर तरंगतो, मग बंदुकीने टिपून फोडायचा किंवा बुडवायचा. जाळे ओढण्याचाच हा प्रकार, फक्त जाळ्यात येणारा मासा बोटीसकट माणसे खातो. चुंबकी सुरुंगाला तर धक्काही लागायला नको, वरून लोखंडी बोट गेली की पुरे. 'पार्वती' ही या कामाला जुंपलेली आपली बोट ३० एप्रिल १९४१ रोजी तांबड्या समुद्रात आसाबजवळ सुरुंगाने बुडाली.

इंग्लंडनेही कोळ्यांनाच या कामाला लावले. लोस्टॉफ्टच्या स्मारकावर, ज्यांना कबरही मिळाली नाही अशा २,३८५ जणांची नावे कोरली आहेत. आपल्या आरमाराच्या चारशेहून अधिक मृतांची नावे एका वहीत आहेत. ही वही मुंबईच्या खलाशीगृहात असते. मस्जिद बंदरला आमचे किती कामगार रोज उतरतात! पण तिथून जवळच असलेली ही वही कितींनी पाहिली?

जे वाचले त्यांनी १८ फेब्रुवारी १९४६ला 'तलवार'वर निकृष्ट अन्न व अपमानाविरुद्ध संप केला. २२ तारखेला मुंबईचा कामगार त्यांच्या पाठीशी रस्त्यावर आला आणि गोळीबारात दोनशेवर माणसे गेली. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला पोन्मलईच्या रेल्वे कारखान्यात गोळीबार होऊन पाच कामगार पडले. हा कारखाना मूळचा नागपट्टिणचाच. बडतर्फ खलाशांना मात्र स्वतंत्र देशाच्या आरमारानेही परत घेतले नाही.

पुढे केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक पेन्शनीत १९४६चे बंड मान्य झाले. विधवेला व अविवाहित मुलीलाही ती मिळू शकते, पण पुरावा लागतो. नुसते युद्धात राबून सुटलेल्यांना व त्यांच्या विधवांना काही राज्ये जिल्हा सैनिक मंडळामार्फत महिना मदत देतात. तिथेही कागदच मागतात.

म्हणून शाखा सचिवांना आमची विनंती आहे. आपल्या सभासदांच्या घरी आजोबांचा असा सुटीचा दाखला, वेतनपुस्तिका वा बडतर्फीचे पत्र ट्रंकेत पडले असेल, तर मूळ कागद घरीच ठेवा, नक्कल युनियन कार्यालयात आणून द्या. अर्ज आम्ही लिहून देऊ.