बे ताळीचा बटरफ्लाय

फ्रीस्टाईलच्या श्वासावर लिहिलं तेव्हापासून मुलं विचारतायत, "काका, बटरफ्लायवर कधी?" घ्या, आज तेच. बहुतेकांची तक्रार एकच आहे. पहिले पंचवीस मीटर झोकात जातात, मग हात पाण्याबाहेर निघतच नाहीत. घरच्यांचं निदान तयार असतं: खांद्यात ताकद नाही, जिम लावा.

मला विचाराल तर आधी पाय बघा.

बटरफ्लायमध्ये हातांच्या एका फेरीला दोन किक मारतात. नियमात आकडा नाही, दोन्ही पाय एकत्र हलले पाहिजेत एवढंच आहे, पण जगभर चालतात त्या दोनच. पहिली किक हात पुढे पाण्यात शिरताना. तेव्हा छाती खाली दबते, कंबर वर येते आणि अंग पुढे सरकतं. दुसरी किक हात पोटाखालून मागे ढकलत मांड्यांपाशी येतात तेव्हा. त्याच वेळी श्वासासाठी हनुवटी वर आलेली असते, म्हणजे कंबर बुडायला टपलेलीच असते. दुसरी किक तिला सावरते आणि हात सुटतात. ती उशिरा आली किंवा आलीच नाही, की बुडत्या अंगातून दोन्ही हात उपसायचं काम एकट्या खांद्यांवर पडतं.

बडोद्यातल्या मुलांना मी हे गरब्यावरून सांगतो. बे ताळीच्या गरब्यात दोन टाळ्यांच्या जागा ठरलेल्या असतात. टाळी कितीही जोरात वाजवा, जागा चुकली की मागचा येऊन आदळतो. इथेही तसंच. "एक" म्हणजे हात आत, "दोन" म्हणजे हात बाहेर. मनातल्या मनात मोजायचं.

आमच्या सकाळच्या बॅचला एक चौदा वर्षांची मुलगी येते. 200 मीटर बटरफ्लाय तिचा जीव की प्राण. गेल्या वर्षी उजवा खांदा इतका दुखायला लागला की वेणी घालताना हात वर जाईना, आणि आई पोहणं बंद करायच्या गोष्टी बोलू लागली. आधी डॉक्टर झाले, विश्रांती झाली. (दुखत्या खांद्यावर कुठलाही ड्रिल करू नका, हे ठळक अक्षरात वाचा.) परतल्यावर पाहिलं तर दमली की तिची दुसरी किक गायब व्हायची. तिला एका हाताचा बटरफ्लाय दिला: एक हात पुढे ताणलेला, दुसऱ्याने फेरी, श्वास बाजूला, मोजणी चालू. नंतर दोन फेऱ्या डाव्या हाताने, दोन उजव्या, दोन दोन्ही हातांनी. रडली, चिडली. "काका, हे बाळबोध आहे!" तरी दीड महिना तिने दुसरं काही केलं नाही. आता खांदा दुखत नाही. वेळ अजून जुनीच आहे, ते मीही कबूल करतो, पण शेवटच्या पन्नासात तिचे हात पाण्यावरून जातात आणि आई काठावर निवांत बसते.

किक गुडघ्यातून मारू नका. ती छातीपासून निघते आणि पायाच्या बोटांत संपते. गुडघे फार दुमडले की पोटऱ्या पाण्याला अडतात. फिन्स वापरायचे तर आखूड घ्या, लांब फिन्समध्ये किकची लय मंदावते.

हा स्ट्रोक आपल्या लोकांच्या अंगचा नाही, असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा: 1986 च्या सोल एशियाडमध्ये खजान सिंग यांनी 200 मीटर बटरफ्लायचं रौप्य आणलं. त्यानंतर पोहण्यातलं पदक यायला 2010 उजाडलं, तेही बटरफ्लायमध्येच, 50 मीटरचं कांस्य. आणणारा आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे.

सुरुवातीला अख्खी लेंथ बटरफ्लाय ओढू नका. सहा फेऱ्या नीट मारा, पुढे फ्रीस्टाईलने जा. सहा जमल्या की आठ. दुसरी किक हरवली की त्या लेंथपुरता बटरफ्लाय तिथेच थांबवा.

पुढच्या महिन्यात टर्न.