गुणपत्रिकेत मराठी कोठे आहे?

अवसरी खुर्द हे आंबेगाव तालुक्यातील मंचरजवळचे गाव. २००९ साली तेथे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि शेतकऱ्याच्या मुलाला अभियंता होण्याची वाट घराजवळ आली. पदवी हाती पडली की ही वाट पुण्याकडे वळते, आणि काहींची पुढे थेट सातासमुद्रापार जाते. यात खंत करण्यासारखे काही नाही. कर्तृत्वाला क्षितिज हवेच.

परंतु त्या दूरदेशीच्या घरात डोकावले पाहिजे. डब्यात पोळी-भाजी द्यावी की वर्गात मुलाला अवघडल्यासारखे होणार नाही असे काही द्यावे, या प्रश्नाने आईची सकाळ उजाडते. सायंकाळी ती मराठीत विचारते, मूल इंग्रजीत उत्तर देते. निकालाच्या दिवशी गावाकडचे आजी-आजोबा संगणकाच्या पडद्यावर येतात. नातवाचे गुण ऐकून त्यांचे डोळे पाणावतात. ‘बाळा, पेपर अवघड होते का रे?’ असे आजी विचारते, आणि नातवाचे उत्तर वडिलांना मराठीत सांगावे लागते. अभिमानाच्या त्या क्षणी आजी आणि नातू यांच्यामध्ये एक दुभाषी उभा असतो.

हे असे का होते? मुलाचा अभ्यास परीक्षेच्या मागे धावतो आणि पालकांचा आग्रह गुणांच्या मागे. ज्या भाषेला गुण नाहीत, तिला वेळही नाही.

मॉरिशसच्या मराठी समाजाने हे फार पूर्वी ओळखले. १८३४ नंतर उसाच्या मळ्यांत राबण्यासाठी भारतातून जे करारबद्ध मजूर तेथे नेले गेले, त्यांत कोकणातील मराठी माणसे होती. पिढ्या सरल्या, घरात क्रिओल रुळली; तरीही मराठी शाळेत टिकली, ती परीक्षेचा विषय म्हणून. प्राथमिक शाळेपासून केंब्रिजच्या उच्च माध्यमिक परीक्षेपर्यंत तेथील विद्यार्थ्याला मराठी घेता आली. प्राथमिक परीक्षेच्या गुणानुक्रमात मराठीसह पौर्वात्य भाषांचे गुण धरावेत की नाही, यावरून १९९५ मध्ये तो देश ढवळून निघाला. घटनादुरुस्ती संसदेत फेटाळली गेली, निवडणूक झाली, सरकार पडले. वाद लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला आणि १९९८ मध्ये त्याचा निर्णय लागला. गुणपत्रिकेतील एका रकान्याचे मोल त्या समाजांना किती वाटत होते, हे यावरून दिसते.

अमेरिकेत १९८१ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली आज ठिकठिकाणी मराठी शाळा भरतात. सुटीच्या दिवशी, स्वयंसेवक शिक्षकांच्या बळावर हे काम चालते. पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्याने तेथील मुलांची परीक्षाही घेतली जाते. हे मोलाचे कार्य आहे. मात्र गणिताच्या गुणांचे पेढे वाटणारे घर मराठीच्या प्रमाणपत्राचे तेवढेच कौतुक करते काय, हे प्रत्येक पालकाने स्वतःला विचारावे.

परदेशस्थांना उपदेश करताना आपणही आरशात पाहिलेले बरे. महाराष्ट्राने २०२० मध्ये कायदा करून सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची केली. पण २०२३ मध्ये अन्य मंडळांच्या काही तुकड्यांपुरती सवलत देण्यात आली: मराठीला केवळ श्रेणी द्यावी, तिचे गुण एकूण गुणांत धरू नयेत. मॉरिशसमध्ये ज्या रकान्यासाठी देश ढवळून निघाला, तो आपण आपल्याच भूमीत सहज रिकामा सोडला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद सर्वांनाच झाला. परंतु दर्जा दिल्लीत मिळतो, भाषा मात्र घरातच जगते.

परीक्षा एकटी भाषा जगवू शकत नाही, हेही मॉरिशसच्या क्रिओल बोलणाऱ्या घरांनी दाखवले आहे. घर आणि परीक्षा, दोन्ही हवीत. आजच्या परदेशस्थ घरांत मराठी बोलणारे आईवडील अजून आहेत, हे त्यांचे भाग्य. पुढील निकालाच्या दिवशी नातवाने आपले यश आजीला स्वतःच्या तोंडून, मोडक्या का होईना, पण मराठीत सांगावे. तो निकाल खऱ्या अर्थाने साऱ्या घराचा ठरेल.