काच पुसली तर उद्योग, मोरी काढली तर?

घरातली मोरी तुंबली की ती कोण काढणार, हे कुणी कुणाला विचारत नाही. ते ठरलेलंच असतं. घरातली बाई पदर खोचते, जुन्या छत्रीची काडी नाहीतर वाकवलेली तार शोधते आणि मोरीपाशी उकिडवी बसते. केसांचा गुंता, भाताची शितं, साबणाचा गाळ असं काय काय बाहेर काढते. पाणी घळघळ वाहायला लागलं की हात स्वच्छ धुऊन पुन्हा पोळ्या लाटायला उभी! यात कुणालाच काही वावगं वाटत नाही.

पण हेच काम चार बायकांनी एकत्र येऊन, दुसऱ्याच्या घरी जाऊन, पावती देऊन आणि पैसे घेऊन करायचं म्हटलं तर? मग मात्र भुवया उंचावतात. 'तुम्हाला दुसरं काही काम मिळालं नाही का?' असा प्रश्न येतो. फुकट केलं तर गृहकर्तव्य आणि पैसे घेतले तर कमीपणा, हा न्याय कुठला?

या विषयाला निमित्त झालं ते आमच्या बचत गटाचं. आमच्या तालुक्याच्या गावी गटातल्या सहा जणी गेली काही वर्षं खिडक्यांच्या काचा पुसून देण्याचं काम करतात. सुरुवातीला लोक हसले. 'काचा पुसायला काय माणसं लावायची?' पण गावात अपार्टमेंट उभी राहिली, सरकत्या काचांच्या मोठ्या खिडक्या आल्या, दवाखाने आले, शोरूम आल्या. नोकरी करणाऱ्या बायकांना वेळ नाही, म्हाताऱ्या माणसांना स्टुलावर चढवत नाही. काम मिळत गेलं. वायपर, स्प्रेची बाटली, खाचेतली माती काढायचे ब्रश एवढंच भांडवल. दसरा-दिवाळी, गुढीपाडवा आणि लग्नसराईत तर दम खायला फुरसत नसते.

अडचण येते ती पावसाळ्यात. जूनपासून सप्टेंबरपर्यंत काचा कोण पुसून घेणार? आज पुसली, उद्या पुन्हा शिंतोडे. आणि नेमके याच दिवसांत नळ्या तुंबतात, गच्चीचे पाइप पाल्याने भरतात, मोऱ्यांना पाणी चढतं. शिवाय काचा पुसायला गेलं की प्रत्येक घरात एक वाक्य ठरलेलं असतं, "ताई, आल्याच आहात तर बेसिनचं पाणी जात नाहीये, जरा बघता का?" बिचाऱ्या बघायच्या. 'जाता जाता' करून द्यायच्या. त्याचे पैसे ना कुणी द्यायचं, ना या मागायच्या.

म्हणून गटातली सगळ्यात तरुण सदस्य एका बैठकीत म्हणाली, "करतोच आहोत, तर दरपत्रकात लिहूया की! गिऱ्हाईक तेच, घर तेच, विश्वास आधीच बसलाय."

हिशेबाने पाहिलं तर तिचं काही चुकत नव्हतं. पण बैठकीत दोन तट पडले. एक जण म्हणाली, "काच पुसतो तोवर लोक मॅडम म्हणतात. मोरीत हात घातला की काय म्हणतील?" आणि ज्या समाजावर हे काम पिढ्यान्‌पिढ्या लादलं गेलं, त्या समाजातली आमची एक सदस्य शांतपणे बोलली, "माझ्या सासूने जन्मभर हेच केलं. यातून सुटायचं म्हणून मी इथे आले. काचा कितीही सांगा, मोरीला मी हात लावणार नाही." सगळ्या गप्प झाल्या.

मैत्रिणींनो, मला वाटतं या धंद्याचा खरा प्रश्न इथे आहे. यंत्र कुठलं घ्यायचं, दर काय लावायचा, हे नंतरचं. आपल्याकडे घाण काढणं हे नुसतं काम कधीच नव्हतं, त्याला जात चिकटवलेली होती. 1932 साली कोकणच्या अप्पासाहेब पटवर्धनांनी रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम मागितलं, तर ते सरकारने नाकारलं, कारण ते त्यांच्या जातीचं काम नव्हतं! त्यासाठी त्यांना उपोषणाला बसावं लागलं आणि गांधीजींनाही त्यांच्या पाठिंब्यासाठी अन्नत्याग करावा लागला. गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावं झाडत फिरले. त्यांच्या नावाने आपण ग्रामस्वच्छता अभियान राबवलं, बक्षिसं घेतली. पण खराटा कुणाच्या हातात द्यायचा, याचं उत्तर बऱ्याच गावांत आजही बदललेलं नाही.

माझं मत सांगते. गटाने हे काम घ्यावं. पण तीन गोष्टी आधी वहीत लिहून, सगळ्यांच्या सह्या घेऊन मगच घ्यावं.

पहिली गोष्ट, हे काम करायचं की नाही हे जिचं तिने ठरवायचं. आणि जिने 'नाही' म्हटलं, तिला कारण विचारायचं नाही. तिचा काचेच्या कामातला वाटा त्यामुळे एक रुपयानेही कमी व्हायचा नाही. उलट, ज्यांच्या घराण्यात हे काम कधी कुणावर लादलं गेलं नाही, त्यांनी पहिल्या पाळ्या घ्याव्यात. नाहीतर काय होईल ते सांगायला ज्योतिषी नको. सहा महिन्यांत काचा एकीकडे आणि मोऱ्या दुसरीकडे अशी वाटणी होईल, आणि ती नेमकी जातीवर होईल. गटाच्या नावाखाली जुनंच दुकान नव्या पाटीने चालू!

दुसरी गोष्ट म्हणजे सीमारेषा. आमच्या गटाचा पहिल्या दिवसापासून एक नियम आहे : खिडकीबाहेर पाय टाकायचा नाही. आतून वायपरचा दांडा पोचेल तेवढीच काच पुसायची, छज्जावर उतरायचं नाही, मग गिऱ्हाईक किती का पैसे देईना. तसाच नियम इथे हवा. स्वयंपाकघरातलं सिंक, बेसिन, न्हाणीघराची मोरी, गच्चीच्या पाइपचं तोंड इथपर्यंत आपलं काम. अंगणातल्या चेंबरमध्ये उतरायचं नाही आणि सेप्टिक टँकचं झाकणसुद्धा उचलायचं नाही. तिथे सक्शन पंपाची टँकर गाडीच बोलवायची.

हा नुसता भित्रेपणा नव्हे. टाकीत आणि बंद गटारात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू साठतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी राहतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त असला तर नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. म्हणजे 'आता वास येत नाही, उतरायला हरकत नाही' असं वाटतं, तेव्हाच धोका सगळ्यात मोठा असू शकतो. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. अशा बातम्या आपण वर्तमानपत्रात वाचतो आणि पान उलटतो.

कायदाही स्पष्ट आहे. 1993 च्या कायद्याने भागलं नाही म्हणून 2013 साली नवा कायदा झाला आणि 6 डिसेंबर 2013 पासून तो लागू आहे. संरक्षक साधनं न देता, सुरक्षेचे नियम न पाळता कुणालाही गटार किंवा सेप्टिक टँक हाताने साफ करायला लावणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. लक्षात घ्या, ही बंदी नगरपालिकेपुरती नाही, ती कुणाही व्यक्तीला आहे. म्हणजे 'दोन माणसं बोलावून टाकी उपसून घेऊ' म्हणणारे आपल्या शेजारचे भाऊजीही त्यात येतात. गटारात मृत्यू आला तर कुटुंबाला दहा लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली सांगितलं होतं. ऑक्टोबर 2023 मध्ये ही रक्कम तीस लाख केली. भरपाई वाढवावी लागली, याचा अर्थ माणसं मरायची थांबली नव्हती.

तिसरी गोष्ट शिकण्याची. घरी मोरी काढतो म्हणजे आपल्याला येतंच, असं समजू नका. बेसिनच्या खाली बाटलीच्या आकाराचा जो ट्रॅप असतो, त्यात पाणी मुद्दाम साठवलेलं असतं. ते पाणी पाइपातला वास आणि झुरळं वर येऊ देत नाही. मोरीच्या जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, तोही त्याचसाठी. (घर महिनाभर बंद ठेवून आलात आणि न्हाणीघरात वास येत असेल, तर आधी मोरीत तांब्याभर पाणी ओतून बघा. ट्रॅप वाळला असण्याचीच शक्यता जास्त.) बहुतेक वेळा कचरा या ट्रॅपमध्येच अडकलेला असतो. खाली बादली ठेवून तो उघडायचा, धुवायचा आणि परत घट्ट बसवायचा. सिंकच्या नळीत तेल-तूप थिजतं, त्याला चहाचा चोथा चिकटतो आणि नळी आतून बारीक होत जाते. तिथे रबरी वाटीचा पंप आणि लांब स्प्रिंगची तार कामाला येते.

पावडरी आणि ऍसिड यांच्यापासून मात्र चार हात दूर. नळी साफ करायच्या बऱ्याच पावडरींमध्ये कॉस्टिक सोडा असतो. पाणी लागलं की तो भयंकर तापतो, डोळ्यात उडाला तर दृष्टी जाऊ शकते. त्यात आधी कुणी ऍसिड ओतलेलं असेल तर ते मिश्रण उसळून अंगावर येतं. ऍसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो, आणि लहानशा बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात पाऊल टाकल्यावर पहिला प्रश्न हाच विचारायचा, "वहिनी, यात आधी काय काय ओतलंय?" उत्तर नीट मिळालं नाही तर हात घालायचा नाही.

कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना गॉगल, पायात बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांचा खर्च गटाने उचलायचा, सदस्याने नव्हे. आणि हो, काचेची फडकी आणि मोरीची फडकी, बादल्यासकट, वेगळ्या रंगाची ठेवायची! शक्य झालं तर एकीने आयटीआयमध्ये प्लंबिंग शिकून घ्यावं. तिथे मुलींना कुणी अडवलेलं नाही, आपणच मुलींना पाठवत नाही.

दर? काचेपेक्षा जास्तच. जोखीम जास्त, किळस जास्त, कसब जास्त, मग पैसे कमी का? 'जाता जाता'ची सवय गिऱ्हाइकाला आपणच लावलेली असते, ती मोडायलाही आपणच हवं.

पुण्याच्या कचरावेचक बायकांकडून या बाबतीत शिकण्यासारखं आहे. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 साली उभी राहिली, ओळखपत्रं मिळाली आणि 2008 पासून 'स्वच्छ' या स्वतःच्या सहकारी संस्थेमार्फत, महापालिकेशी करार करून त्या घरोघरचा कचरा गोळा करू लागल्या. काम कचऱ्याचंच. पण उकिरड्यावर एकटीने वाकणं वेगळं आणि करारनामा, ओळखपत्र, ठरलेला मोबदला यांसह दारात उभं राहणं वेगळं. अडचणी त्यांनाही आहेत, पण अटींवर बोलायला त्या एकत्र बसतात, हे महत्त्वाचं.

आता थोडं गिऱ्हाईक म्हणून आपल्याबद्दल. हे पान वाचणाऱ्या आपण बहुतेक जणी काम देणाऱ्या आहोत. मोरी काढून झाल्यावर त्या बाईला हात धुवायला साबण आणि भरपूर पाणी द्या. अंगणातला नळ दाखवू नका, जे न्हाणीघर तिने साफ केलं तिथेच धुऊ द्या. चहा देणार असाल तर तुमच्याच कपातून द्या. हॉटेलात दोनशे रुपये मुकाट देतो, इथे वीस रुपयांसाठी घासाघीस नको. 'तेवढं चेंबरही बघा ना' असा आग्रह तर अजिबात नको. आणि तेल-तुपाची भांडी धुण्याआधी कागदाने पुसून घेतलीत, सिंकला जाळी बसवलीत, तर तिला बोलवायची वेळच कमी येईल.

आमच्या गटाची पुढची बैठक येत्या रविवारी आहे. ठरावाचा मसुदा मी लिहून ठेवलाय. पहिल्या महिन्याच्या पाळ्यांमध्ये सर्वांत वर माझं नाव घातलंय आणि त्याखाली, काय म्हणतील लोक, असं विचारणाऱ्या त्या मैत्रिणीचं. तिला विचारूनच, हसत हसत. जिने नाही म्हटलं तिचं नाव काचांच्या यादीत पूर्वीच्याच जागी आहे. तुमच्या गावात असा गट असेल तर तुम्हीही हे बोलून घ्या. पावसाळ्याच्या आधीच.