मैदानावरचा संप : पारडे कोणाचे जड?



खेळाडूंनी संप पुकारल्याची बातमी आली की आपल्यापैकी पुष्कळांना हसू येते. खेळून पैसा मिळवणाऱ्यांना आणखी काय हवे, असे आपण म्हणतो. परंतु खेळ हा आज मोठा धंदा झाला आहे. तेथेही मालक आहेत, कामगार आहेत, करार आहेत. आणि जेथे करार आहे तेथे तंटाही आहे. अशा तंट्यात कोणाचे ऐकले जाते हे केवळ न्याय कोणाच्या बाजूस आहे यावर ठरत नाही. काम थांबले तर अधिक नुकसान कोणाचे, आणि पहिली फूट कोणाच्या घरात पडते, या दोन गोष्टींवर ते पुष्कळसे अवलंबून असते. क्रिकेटमधील दोन प्रकरणे यादृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत.

पहिले प्रकरण वेस्ट इंडीजचे. २०१४ च्या ऑक्टोबर महिन्यात त्यांचा संघ भारताच्या दौऱ्यावर होता. त्याआधी तेथील क्रिकेट मंडळ व खेळाडूंची संघटना यांच्यात नवा करार झाला होता. आंतरराष्ट्रीय खेळाडूंना मिळणाऱ्या पैशांपैकी काही भाग देशांतर्गत स्पर्धांत खेळणाऱ्यांकडे वळवावा, असे त्यात ठरले होते. हेतू वाईट नव्हता. परंतु आमची संमती न घेता आमच्या वतीने सही झाली, अशी दौऱ्यावरील खेळाडूंची तक्रार होती. म्हणजे भांडण मंडळाशी होते तेवढेच स्वतःच्या संघटनेशीही होते.

१७ ऑक्टोबरला धरमशाला येथे चौथा एकदिवसीय सामना खेळून ड्वेन ब्राव्होचा संघ मायदेशी परतला. पाचवा एकदिवसीय सामना, एक टी-ट्वेंटी आणि तीन कसोटी सामने तसेच राहिले. भारतीय मंडळाने वेस्ट इंडीज मंडळाकडे सुमारे ४ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मागितली. पण मैदान काही ओस पडले नाही. नोव्हेंबरमध्ये श्रीलंकेचा संघ येऊन पाच एकदिवसीय सामने खेळून गेला. त्याच मालिकेत ईडन गार्डन्सवर रोहित शर्माने २६४ धावा काढल्या. तो विक्रम क्रिकेटप्रेमींना आजही आठवतो. सामने कोणाच्या जागी भरवले होते, हे मात्र थोड्यांनाच आठवते. पुढे २०१५ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या संघात ब्राव्हो आणि किरॉन पोलार्ड यांची नावे नव्हती. कर्णधारपद तरुण जेसन होल्डरकडे गेले.

दुसरे प्रकरण ऑस्ट्रेलियाचे. तेथे १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून खेळाडूंना मंडळाच्या उत्पन्नात ठरावीक वाटा मिळत असे. २०१७ मध्ये मंडळाने ही पद्धत मोडण्याचे ठरवले. राष्ट्रीय संघातील पुरुषांना चांगले मानधन व शिलकीतील भाग, महिलांना भरघोस वाढ, पण राज्यांच्या संघांतून खेळणाऱ्यांना उत्पन्नात वाटा नाही, असा तो प्रस्ताव होता. म्हणजे मोठ्यांना अलग काढून धाकट्यांना एकटे पाडायचे. जुना करार ३० जूनला संपला आणि सुमारे २३० स्त्री-पुरुष खेळाडू बेकार झाले.

येथे स्टीव्ह स्मिथ, डेव्हिड वॉर्नर यांसारख्या नामवंत खेळाडूंनी स्वतंत्र सौदा नाकारला. त्यांचे घर काही महिने बिनपगारी चालू शकले असते. राज्य पातळीवरील तरुण खेळाडूचे चालणे कठीण होते. त्या तरुणाजवळ मालकाला अडवण्याची शक्ती नव्हती, ती या नामवंतांजवळ होती. आपली शक्ती त्यांनी त्याच्या पदरात घातली. ऑस्ट्रेलिया 'अ' संघाने दक्षिण आफ्रिकेचा दौरा केला नाही. ऑगस्टअखेर बांगलादेशाचा दौरा होता, पुढे भारताचा, आणि नोव्हेंबरमध्ये इंग्लंडविरुद्धची अ‍ॅशेस मालिका. शिवाय मंडळाचे दूरदर्शन प्रक्षेपणाचे करार २०१८ मध्ये नव्याने व्हायचे होते. खेळाडूच नसतील तर प्रक्षेपणाचा हक्क विकत घेणार कोण? अ‍ॅशेसच्या जागी दुसरा पाहुणा बोलावून भागणारे नव्हते.

३ ऑगस्टला समझोता झाला. उत्पन्नातील वाटा कायम राहिला, तोही राज्य पातळीवरच्या खेळाडूंसह. महिलांच्या मानधनाची एकूण रक्कम ७५ लाखांवरून ५ कोटी ५२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरवर गेली. अर्थात महिलांना मोठी वाढ देण्याची तयारी मंडळाने आधीच दाखवली होती. खेळाडूंनीही तळागाळातील क्रिकेटसाठी आपल्या वाट्यातून पैसे सोडले. दोन्ही बाजूंनी थोडेथोडे मागे सरल्यावाचून समझोता होत नाही.

आता दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवून पाहू. वेस्ट इंडीजचे खेळाडू मालिकेच्या मध्यावर उठले, म्हणजे वेळ अडचणीची साधली. परंतु त्यांची जागा भरता येण्याजोगी होती, आणि घरात ज्येष्ठ व कनिष्ठ यांचे हित एकमेकांविरुद्ध उभे राहिले होते. त्याचा दोष केवळ खेळाडूंवर टाकणे आम्हांला योग्य वाटत नाही; सभासदांना विश्वासात न घेणारी संघटना आपलेच बळ घालवते. ऑस्ट्रेलियात वेळ, गरज आणि एकी या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या.

हे गणित आपल्या बेटाला नवे नाही. १९३७ साली येथील मळ्यांवर मजूर व लहान शेतकरी यांचा असंतोष उसळला तो ऑगस्टमध्ये, भर तोडणीच्या हंगामात. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, हे मालकाला ठाऊक होते आणि मजुरालाही. त्या दिवसांत गोळ्या झाडल्या गेल्या, माणसे मेली. क्रिकेटपटूंच्या तंट्याशी त्या त्यागाची बरोबरी होऊ शकत नाही. हंगामाचे महत्त्व मात्र दोन्हीकडे सारखेच आहे.

आज आपली मुले शाळांत, कचेऱ्यांत, बंदरात, हॉटेलांत नोकऱ्या करतात आणि संघटनांचे सभासद होतात. पगारवाढीचा प्रस्ताव हाती आला की आपल्याला काय मिळाले हे प्रत्येक जण पाहतो. त्या कागदात सर्वांत कमी पगाराच्या सोबत्याला काय मिळाले, हे आधी वाचण्याची सवय त्यांना लागावी, असे आम्हांला वाटते. फूट पाडायची असेल तर ती बहुधा त्याच ओळीत लिहिलेली असते.