फावड्याचा अभिप्राय

सिनेमा कसा वाटला, या प्रश्नाची उत्तरे आता ठरून गेली आहेत. अंगावर काटा आला. रडू आवरले नाही. मुलांना दाखवाच. ‘छावा’ १४ फेब्रुवारी २०२५ला लागला. त्यानंतर महिनाभर महाराष्ट्रात याहून वेगळे उत्तर कानी पडणे कठीण होते. भरूचमध्ये तर एका प्रेक्षकाने छळाच्या दृश्याला उठून पडदाच फाडला. पण सर्वांत खटपटीचा अभिप्राय आला तो बुऱ्हाणपूर जिल्ह्यातून. तो फावड्याने दिलेला होता.

मार्चच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. अंधार पडला की असीरगडाच्या पायथ्याच्या शेतांत टॉर्च लुकलुकू लागत. माणसे कुदळी-फावडी घेऊन येत. काहींजवळ मेटल डिटेक्टर होते. रानात खड्डेच खड्डे पडले. सिनेमात बुऱ्हाणपूरचे नाव आले, मोगलांचा खजिना आला, म्हणजे सोने इथेच कुठेतरी असणार, एवढाच हिशेब. महामार्गाच्या कामात निघालेल्या मातीत जुनी नाणी सापडल्याची आवई आधीपासून होतीच. सिनेमाने तिच्यावर शिक्का मारला. व्हिडिओ देशभर फिरले, वाहिन्यांची चार दिवसांची सोय झाली, प्रशासन जागे झाले आणि रात्रीची वर्दळ थांबली. खजिना निघाला नाही.

आता हा सिनेमा सुरू कसा होतो, ते आठवा. छत्रपती संभाजी महाराजांची फौज बुऱ्हाणपुरावर पडते आणि खजिना लुटून नेते. म्हणजे ज्या दृश्याच्या भरवशावर खोदकाम चालले होते, त्याच दृश्यात सोने गावाबाहेर गेलेले आहे. पडद्यावरचे अक्षरशः खरे मानायचे, तर अख्ख्या हिंदुस्थानात खोदायला सर्वांत निरुपयोगी जागा हीच ठरते. अडीच-पावणेतीन तास बसणाऱ्याने एवढे तरी बघायला हवे होते. त्याने एक नाव ऐकले, खजिना पाहिला आणि बाकीचा सिनेमा स्वतःच तयार केला.

इतिहासाला विचारले तरी हाती काही लागत नाही. जानेवारी १६८१च्या अखेरीस मराठ्यांनी लुटले ते तटाबाहेरचे पुरे. बहादुरपुरा त्यांत मुख्य. तीन दिवस लूट चालली. तटाच्या आतले शहर बचावले. असीरगड तर तिथून वीसेक किलोमीटर उत्तरेला, त्याचा या लुटीशी संबंधच नाही. गडावरच्या धनाची चौकशी करायची तर ती अकबराकडे करावी लागेल. त्याने जानेवारी १६०१मध्ये गड घेतला आणि त्या विजयाप्रीत्यर्थ ससाण्याचे चित्र असलेली सोन्याची मोहोर पाडली. पुढे निजाम आला, १७६०मध्ये पेशवे आले, मग शिंदे, आणि १८१९मध्ये कायमचे इंग्रज. यांतला प्रत्येक जण आधी तिजोरीकडे गेला असणार. पायथ्याच्या रानात सोने राखून ठेवील असा उदार जेता या यादीत दिसत नाही.

शिवाय बुऱ्हाणपूरची श्रीमंती मुळात पुरून ठेवण्याजोगी नव्हती. ती कापडात होती. सतराव्या शतकात तिथून गेलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने लिहून ठेवले आहे, की इथले तलम कापड इराण, तुर्कस्तान, पार पोलंडपर्यंत जाते. तटाबाहेरच्या पुऱ्यांत पैसा होता तो या व्यापाराचा, आणि मराठे आले ते त्यासाठी. शहरात आजही यंत्रमाग खडखडतात. सिनेमातल्या बुऱ्हाणपुरात मला ना तापी जाणवली, ना विणकर. तलवारी होत्या, धूळ होती आणि जबडा फाडून घ्यायला एक सिंह होता.

या सिनेमावर मत द्यायचेच, तर ते अशा गोष्टींवर द्यावे. विकी कौशल जीव ओतून उभा आहे. अक्षय खन्नाचा औरंगजेब कमी बोलतो म्हणूनच धाक घालतो. रहमानचे संगीत या मातीत रुजत नाही. येसूबाईंच्या वाट्याला ओवाळणे आणि वाट पाहणे यापलीकडे फारसे आलेले नाही. मधल्या लढाया एकमेकींत मिसळून जातात, कुठली कशासाठी हे ध्यानात राहत नाही. ही साधी मते आहेत. कोणाला पटणार नाहीत. पण ती सिनेमाविषयीची आहेत. फेब्रुवारीत अशी मते उच्चारणाऱ्याला आधी आपली निष्ठा सिद्ध करावी लागत होती. घराघरांतल्या गप्पांतही ‘संगीत जरा...’ एवढे म्हणून माणसे थांबत. त्याआधी जानेवारीत, नुसत्या ट्रेलरमधल्या लेझीमवरून वाद पेटला आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकले. सिनेमा पाहण्याआधी मत तयार झाले, आणि ते अमलातही आले.

असीरगडच्या लोकांना मात्र देश हसला. अडाणी म्हणाला, लोभी म्हणाला. हे हसू पटत नाही. त्यांनी केले तरी काय? पडद्यावर दिसले ते खरे धरले. हेच काम बाकीच्यांनी किती मोठ्या प्रमाणावर केले, ते पाहा. शिवजयंतीच्या दिवशी मध्य प्रदेशने सिनेमा करमुक्त जाहीर केला, गोव्यानेही केला. दोनच दिवसांनी दिल्लीच्या साहित्य संमेलनात पंतप्रधानांनी त्याचे नाव घेतले. त्यांनी श्रेय शिवाजी सावंतांच्या कादंबरीला दिले, तेवढे एक बरे झाले. कारण सिनेमा कादंबरीवर बेतलेला आहे, हे त्या आठवड्यात इतर कोणी फारसे सांगत नव्हते. मार्चमध्ये खुलताबादची औरंगजेबाची कबर हटवण्याची मागणी जोरात आली. १७ मार्चला नागपुरात दंगल झाली. दुसऱ्या दिवशी मुख्यमंत्र्यांच्या विधानसभेतल्या निवेदनातही ‘छावा’ होता. स्टुडिओत बसलेले निवेदक तर सिनेमातले प्रसंग बखरीतल्या नोंदींसारखे फेकत होते.

या सगळ्यांत असीरगडच्या शेतांतला माणूस वेगळा ठरतो तो एकाच बाबतीत. त्याने आपले मत तपासून पाहिले. त्यासाठी झोप मोडली, घाम गाळला. खड्डा रिकामा निघाला तेव्हा आपला समज चुकला हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावे लागले नाही. सिनेमाने दिलेली माहिती खोटी ठरू शकते, हे देशात तेव्हा सर्वांत आधी त्यालाच कळले असेल. बाकीच्यांना सिनेमातून जे मिळाले, ते त्यांनी तसेच, न उकरता, पुढे दिले. १६८१ साली बुऱ्हाणपुरात नेमके काय झाले, हे पाहायला एखादे पुस्तक उघडण्याचे कष्ट फावड्यापेक्षा कमीच होते. ते किती जणांनी घेतले? ज्या शहराच्या लुटीने सिनेमा सुरू होतो, ते आजच्या नकाशात कुठे आहे, हे टाळ्या वाजवणाऱ्या किती जणांना सांगता आले असते? रावेर ओलांडले की बुऱ्हाणपूर येते. तिथे मराठी बोलणारी घरे आहेत. त्यांना त्या दोन महिन्यांत कोणी काही विचारले नाही. विचारले ते खड्ड्यांबद्दल.

खोदाई थांबली हे योग्यच झाले. किल्ल्याच्या आसपासची माती अशी उकरून चालत नाही, आणि शेत ज्याचे असते त्याला खड्डे बुजवावे लागतात. शिवाय काही सापडले असते तरी ते खिशात घालता आले नसते. गुप्तधनाविषयीचा १८७८चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचे धन जमिनीत सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. काय सापडले, कुठे सापडले, कधी सापडले. लपवले तर तुरुंगही होऊ शकतो. सिनेमागृहात ज्यांना खरा इतिहास सापडला, त्यांच्याकडून या तीन गोष्टी कोणी लिहून घेतल्या?