वलंदेजांची निळी फुलदाणी

जुन्या नाशकात, काझीपुरा-कोकणीपुऱ्याकडे, काही घरांत अजून भिंतीतली काचेची कपाटे आहेत. आत चिनी मातीच्या रकाब्या, केटली, अत्तरदाणी आणि एखादी निळ्या नक्षीची पांढरी फुलदाणी. अलीकडे या फुलदाणीला भाव आला आहे. जुन्या डच फुलदाण्या जमवण्याची हौस मुंबई-पुण्याहून आपल्याकडेही पोहोचली. परदेशात नोकरीला असलेली मुले सुट्टीवर येताना एखादी घेऊन येतात. मग प्रश्न सुरू होतात. ही खरी आहे का? किती जुनी? ठेवावी की विकावी?

फुलांचे कौतुक नाशिककरांना कुणी शिकवायला नको. मोगलांच्या काळात या शहराचे नावच गुलशनाबाद होते. आणि फुलदाणी हा शब्द आम्हा भाषा शिकवणाऱ्यांच्या खास आवडीचा. फूल इथले, ‘दान’ फारसीतून आलेले आणि शेवटची वेलांटी मराठी वळणाची. उर्दूत तीच गुलदान.

डचांना जुन्या मराठी कागदांत वलंदेज म्हटले आहे. 1637 साली त्यांनी वेंगुर्ल्याला वखार घातली. तिची पडकी इमारत आजही तिथे आहे. सुरतेला ते त्याआधीच पोहोचले होते. चीनमधून त्यांची जहाजे जी भांडी आणत, त्यांतली काही सुरतेला उतरत आणि बरीच हॉलंडला जात. तिकडच्या श्रीमंतांना या भांड्यांचे वेडच लागले. 1644 मध्ये चीनमध्ये मिंग राजवट कोसळली, यादवी माजली आणि माल येईनासा झाला. तेव्हा डेल्फ्ट गावच्या कुंभारांनी तसा दिसणारा माल घरीच करायला घेतला. चिनी पोर्सलीनची माती त्यांच्याकडे नव्हती. त्यांनी साधी माती भाजली, तिच्यावर कथील घातलेला पांढराशुभ्र लेप दिला, त्यावर कोबाल्टने निळी नक्षी काढली आणि भांडे पुन्हा भट्टीत घातले.

ही कथिलाच्या लेपाची विद्या हॉलंडची नव्हे. नवव्या शतकात, अब्बासी खिलाफतीत, बसऱ्याच्या कुंभारांपुढे हाच पेच होता. चीनहून पांढरी भांडी येत होती आणि तशी माती इराकमध्ये मिळत नव्हती. त्यांनी हा लेप वापरला आणि त्यावर निळ्या रंगात वेलबुट्ट्याही काढल्या. तिथून ही कारागिरी मुस्लिम स्पेनमध्ये गेली, मग इटलीत. सोळाव्या शतकाच्या आरंभी इटालियन कुंभार अँटवर्पला येऊन राहिले. 1585 मध्ये स्पेनच्या फौजांनी ते शहर घेतले, तेव्हा बरेच कारागीर उत्तरेला हॉलंडमध्ये गेले. निळ्या रंगाचेही तसेच. चिनी कुंभारांकडे कोबाल्ट एके काळी इराणहून जात असे आणि चीनमध्ये त्याला मुसलमानी निळा म्हणत.

फुलदाणीत ठेवायचे फूलदेखील आपल्या ओळखीचे आहे. ट्यूलिप म्हणजे लाला. उस्मानी तुर्कांना ते फार प्रिय, कारण ‘लाला’ लिहिताना जी अक्षरे लागतात तीच ‘अल्लाह’ लिहिताना लागतात आणि ‘हिलाल’लाही. हॉलंडला हे फूल सोळाव्या शतकाच्या अखेरीस तुर्कस्तानाकडून गेले. पुढे डेल्फ्टच्या कुंभारांनी त्याच्यासाठी अनेक तोंडांच्या उंच फुलदाण्या घडवल्या. शोकेसमधल्या वस्तूला कुणी ‘प्युअर युरोपियन’ म्हणाले, की आम्हाला हे सारे आठवते.

आता खरे-खोटे. फुलदाणी हातात घेतल्यावर आधी तळ पाहावा, नक्षी नंतर. तळावर ‘डेल्फ्ट ब्लू, हँडपेंटेड’ असे इंग्रजीत लिहिलेले असेल, तर तो बहुधा विसाव्या शतकातला, पर्यटकांसाठी केलेला माल. त्यात वाईट काही नाही, पण तीनशे वर्षांपूर्वीचा म्हणून पैसे मोजू नयेत. 1653 पासून चालत आलेला रॉयल डेल्फ्ट हा कारखाना तळावर छोट्या कुपीचे चित्र, जे आणि टी ही जोडाक्षरे आणि ‘डेल्फ्ट’ हे नाव घालतो. 1879 पासून तो सालाची सांकेतिक अक्षरेही घालतो, म्हणजे वय नेमके कळते. या खुणेच्या नकलाही बाजारात आहेत. नक्षी भिंगाखाली पाहावी. हाताच्या रेषेत कुंचला कुठे जाड, कुठे बारीक झालेला दिसतो. छापील नक्षीत बहुधा बारीक ठिपके दिसतात. काठाचा टवका उडाला असेल आणि आत पिवळसर माती दिसत असेल, तर ती डेल्फ्टच्या जातीची असू शकते. पोर्सलीन आतूनही पांढरेच असते. रंगीबेरंगी, कमी चकाकीची फुलदाणी असेल आणि तळावर ‘गौडा’ लिहिले असेल, तर तीही डचच, पण विसाव्या शतकातली. जुन्या लेपात शिसे असते, म्हणून अशा भांड्यात लोणचे-मुरंबा ठेवू नये. फुले ठेवायची तर आत काचेचा पेला ठेवून त्यात पाणी घालावे.

निळी छोटी घरेही लोक जमवतात. केएलएम विमान कंपनी ती 1952 पासून देत आली आहे, आता ती बिझनेस क्लासच्या प्रवाशांना मिळतात. त्यांत जेनेव्हर नावाची डच दारू भरलेली असते. कुणी भेट दिलीच, तर शोकेसमध्ये मांडण्याआधी बूच तपासा!

माणसे-पक्ष्यांची चित्रे घरात ठेवायची का, हे प्रत्येक घर आपल्या आलिमांना विचारून ठरवते. वेलबुट्टीच्या फुलदाण्या भरपूर मिळतात, आमची पसंती त्यांनाच. घरात वापरायच्या किंवा मांडायच्या वस्तूवर जकात नाही. विकण्यासाठीच घेऊन ठेवली तर ती तिजारतीचा माल, मग हिशेबात धरावी लागते. कर्ज काढून किंवा मुलांच्या फीचे पैसे वळवून हौस करणे हा सरळ इस्राफ आहे.

आम्हाला जास्त खटकते ते वेगळेच. अम्मीच्या इंतकालनंतर घर-जमिनीच्या वाटणीची चर्चा होते आणि कपाटातल्या वस्तू ज्या भावाकडे कपाट, त्याच्याच होऊन जातात. अम्मीने जहेजमध्ये आणलेली वस्तू तिची स्वतःची मिल्कियत असते. तिच्यानंतर ती विरासतीत येते. मागे राहिलेला माल थोडा असो की पुष्कळ, त्यात मुलींचाही हिस्सा ठरलेला आहे, हे सूरह निसाने स्पष्ट केले आहे. फुलदाणीचे तुकडे करता येत नाहीत, हे खरे. पण जाणकाराकडून किंमत काढून घेता येते. एकाने वस्तू ठेवावी, बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे द्यावेत, नाहीतर सगळ्यांच्या संमतीने विकावी. दारावर आलेल्या भंगारवाल्याला किंवा चोरबाजारातल्या पहिल्या दुकानदाराला विचारून ही किंमत कळत नाही. दोन-तीन ठिकाणी दाखवावी. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल, तर 1972 चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या परदेशी पाठवता येत नाहीत. दुबईच्या भावाला पार्सल करण्याआधी चौकशी करावी.

तोवर तळाच्या खुणेचा एक स्वच्छ फोटो काढून ठेवावा आणि सासरी असलेल्या बहिणींनाही पाठवावा.